नाव जपावयाची तर पाणीही जपावे

आमच्या शाळेशेजारच्या जुन्या चर्चच्या काही खिडक्यांना काच नाही. लाकडाच्या चौकटींत शिंपल्यांचे पातळ तुकडे बसविलेले आहेत आणि त्यांतून येणारे ऊन मऊ होऊन आत उतरते. गोव्यातील पुष्कळ जुन्या घरांच्या खिडक्या अशाच असत. एका पावसाळ्यानंतर त्यांतला एक तुकडा निखळून खाली पडला. सहावीतल्या एका मुलाने तो उचलून माझ्याकडे आणला व विचारले, "सर, हा ज्याचा शिंपला, तो प्राणी अजून आहे का?"

काच महाग होती त्या काळी हे शिंपले कसे वापरीत, चौकटी कशा करीत, हे मी त्याला सविस्तर सांगितले. परंतु त्याच्या प्रश्नाचे उत्तर माझ्यापाशी नव्हते. तो प्राणी कोठे राहतो, काय खातो, अजून आहे की नाही, यांपैकी काहीच मला ठाऊक नव्हते. खिडकी आम्ही जपली होती. ज्या पाण्याने ती खिडकी दिली, ते पाणी आमच्या कोणत्याही धड्यात कधी आलेच नव्हते.

त्या प्रश्नाचा मागोवा घेत असता अमेरिकेतील एका नौकासंग्रहालयाची माहिती माझ्या वाचनात आली. तेथे जुन्या नावा आहेत, मासेमारीची अवजारे आहेत, एक दीपगृहसुद्धा आहे. आणि याच वस्तूंच्या आधाराने मुलांना किनाऱ्याचे व खाडीचे शास्त्र शिकविले जाते. नावांच्या संग्रहालयाने पाण्याचे शास्त्र का शिकवावे, असा प्रश्न कोणासही पडेल. त्याचे उत्तर आज आपणांपुढे मांडावयाचे आहे.

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर चेसापीक नावाचा एक मोठा उपसागर आहे. नाव उपसागराचे असले तरी त्याची प्रकृती आपल्या खाडीसारखी आहे. हिमयुगानंतर बर्फ वितळून समुद्राची पातळी चढली, तेव्हा सस्क्वेहाना नदीचे जुने खोरे पाण्याखाली गेले आणि हा उपसागर तयार झाला. त्याची लांबी सुमारे ३२० किलोमीटर; खोली मात्र सरासरीने अवघी साडेसहा मीटर. वरून नद्यांचे गोडे पाणी येते, खालून समुद्राचे खारे पाणी भरतीबरोबर आत शिरते, आणि दोहोंच्या मिश्रणात मासे, खेकडे, कालवे यांची वाढ होते. मांडवी किंवा झुआरी नदीच्या मुखाशी राहणाऱ्या माणसाला हे वेगळे समजावून सांगावयास नको.

या उपसागराच्या पूर्वेकडील काठावर, मेरीलँड राज्यात, सेंट मायकल्स नावाचे लहानसे गाव आहे. तेथे १९६५ साली चेसापीक बे मेरीटाइम म्यूझियम हे संग्रहालय सुरू झाले. ते ज्या जागेवर उभे आहे, ती एके काळी कष्टकऱ्यांची जागा होती. विल्यम कूलबोर्न व फ्रेडरिक ज्यूएट या दोघा कृष्णवर्णीय भागीदारांनी १९०२ साली तेथे कालवे व खेकड्यांचे मांस भरून बाजारात पाठविण्याचा व्यवसाय मांडला आणि पुढे कित्येक वर्षे गावातील अनेक कुटुंबे त्यावर पोसली गेली. ज्या भूमीवर खेकडे सोलले जात, त्याच भूमीवर आज शाळेतील मुले हातात वह्या घेऊन फिरतात.

संग्रहालयात शिरताच नजर जाते ती हूपर स्ट्रेट दीपगृहाकडे. आपल्याकडील दीपगृहे उंच मनोऱ्यासारखी असतात. हे मात्र षट्कोनी लाकडी घर आहे. चिखलाच्या तळात मळसूत्राप्रमाणे फिरवून रोवलेल्या लोखंडी खांबांवर ते पाण्यात उभे होते. त्या जागेवरचे आधीचे दीपगृह १८७७ साली बर्फाच्या लोंढ्याने खांबांवरून उखडून नेले. हे दुसरे १८७९ साली बांधले. पुढे ते निरुपयोगी ठरून मोडीत निघणार होते. संग्रहालयाने ते मिळविले, त्याचे दोन भाग केले व १९६६ साली पाण्यावरून वाहून आणून पुन्हा जोडले. खांबाला मळसूत्र का लागले, असे मुलांना विचारले की उत्तर देता देता तळाचा गाळ, उथळ पाणी, बर्फ आणि प्रवाह हे सारे ओघानेच बोलण्यात येते. एका घराच्या पायाने भूगोलाचा तास होऊन जातो.

परंतु येथील खरा धडा कालवांचा आहे. चेसापीकच्या काठी पाण्यावर पोट भरणाऱ्या माणसाला 'वॉटरमन' म्हणतात. उन्हाळ्यात खेकडे आणि हिवाळ्यात कालवे, असे त्याचे वर्ष ठरलेले. कालवे काढावयाचे अवजार म्हणजे एक लांबलचक लाकडी चिमटा. कात्रीप्रमाणे जोडलेले दोन दांडे, प्रत्येकाच्या टोकाला लोखंडी दात्यांची टोपली. नावेच्या काठावर उभे राहून तो तळापर्यंत सोडावयाचा, चाचपून कालवे गोळा करावयाची आणि ओझ्यासकट वर खेचावयाचा. संग्रहालयाच्या धक्क्यावर मुलांना हा चिमटा प्रत्यक्ष हाताळावयास मिळतो. दोन-चार वेळा ओढला की खांदे भरून येतात आणि दिवसभर हेच काम करणाऱ्या माणसाविषयी पुस्तकातून न येणारा आदर मनात उपजतो.

दुसरे साधन म्हणजे 'स्किपजॅक' नावाचे शिडाचे तारू. तळ खरवडणारी लोखंडी जाळी मागे ओढीत हे तारू कालवे गोळा करी. या जाळीने तळाची फार हानी होते हे ओळखून मेरीलँड राज्याने १८६५ साली असा कायदा केला की, अशी जाळी ओढावयाची तर ती शिडाच्याच बळावर. १९६७ साली आठवड्यातून दोन दिवस इंजिनाच्या होडीने ढकलण्याची सवलत मिळेपर्यंत तो नियम टिकला. म्हणूनच साऱ्या जगात यंत्रे आल्यानंतरही चेसापीकवर शिडे फडफडत राहिली. पाहुण्यांना ते दृश्य रम्य वाटे; पण मुळाशी होती ती निसर्गरक्षणाची एक ओबडधोबड तरतूद. संग्रहालयाकडे 'रोझी पार्क्स' नावाचे असे एक तारू आहे. ब्रॉन्झा पार्क्स या नावाजलेल्या कारागिराने ते १९५५ साली आपल्या भावासाठी बांधले आणि त्याला आईचे नाव दिले. संग्रहालयाने त्याची संपूर्ण दुरुस्ती करून २०१३ साली ते पुन्हा पाण्यात सोडले.

आता कोणताही चौकस मुलगा विचारील, "एवढी चांगली नाव संग्रहालयात का आली? ती कामावर का नाही?" या प्रश्नापाशी नावांचा इतिहास संपतो आणि पाण्याचे शास्त्र सुरू होते. संग्रहालयाने प्रामाणिकपणे उत्तर द्यावयाचे म्हटले, तर त्याला कालवांची कहाणी सांगावीच लागते.

ती कहाणी अशी. १८८० नंतरच्या दशकात मेरीलँडमधून एका हंगामात सुमारे दीड कोटी बुशेल कालवे काढली गेली. बुशेल हे तेथील मोठ्या टोपलीचे माप होय. पुढे २००३-०४ च्या हंगामात हाच आकडा सुमारे २६ हजारांवर आला. दीड कोटी कोठे आणि २६ हजार कोठे! गेल्या काही वर्षांत थोडी वाढ झाली आहे. तरी जुन्या दिवसांशी तिची तुलना होत नाही.

असे का झाले? पहिले कारण हाव. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील प्राणिशास्त्रज्ञ विल्यम ब्रुक्स यांनी १८९१ सालच्या आपल्या ग्रंथात स्पष्ट बजावले होते की, नुसते काढीतच राहिलात आणि लागवड केली नाहीत, तर हे धन संपेल. त्यांचे फारसे कोणी ऐकले नाही.

दुसरे कारण समजावयास कालवाचा जन्म समजला पाहिजे. कालवाचे पिल्लू दोन-तीन आठवडे पाण्यात तरंगते आणि मग त्याला चिकटावयास कठीण आधार लागतो. सर्वांत चांगला आधार म्हणजे जुन्या कालवांचे शिंपले. आजोबांच्या पाठीवर नातवाने घर बांधावे, तशी ही वस्ती पिढ्यान्‌पिढ्या उंच होत जाते. माणसाने कालवे खाल्ली आणि शिंपले चुन्यासाठी व रस्त्यांसाठी नेले. म्हणजे पीक तर गेलेच, शेतही गेले.

तिसरे कारण रोगांचे. विसाव्या शतकाच्या मध्यास कालवांना मारणारे दोन रोग चेसापीकमध्ये आढळले. माणसाला त्यांची बाधा होत नाही. पण कालवांच्या वसाहतीच्या वसाहती त्यांनी ओसाड केल्या.

चौथे कारण दुरून येते. शेतांतील खते, गोठ्यांतील मलमूत्र आणि शहरांचे सांडपाणी यांतून नत्र व स्फुरद वाहत येऊन उपसागरात मिसळतात. त्यांवर शेवाळ माजते, पाणी गढुळते, उन्हाअभावी तळाचे गवत मरते. पुढे शेवाळ कुजू लागले की पाण्यातील प्राणवायू संपतो आणि उन्हाळ्यात खोल पाण्याचे मोठे पट्टे श्वास घेण्यास अयोग्य होतात.

येथेच कालवाचे मोल कळते. कालव आपल्या कल्ल्यांतून पाणी ओढून त्यातील सूक्ष्म शेवाळ खाते व पाणी स्वच्छ करून सोडते. अनुकूल परिस्थितीत एक मोठे कालव दिवसाला १९० लिटरपर्यंत पाणी गाळू शकते. रोजर न्यूएल या शास्त्रज्ञाने १९८८ साली असा अंदाज मांडला की, पूर्वी चेसापीकमधील कालवे सारा उपसागर तीन-चार दिवसांत गाळून काढीत असावीत. उरलेल्या कालवांना त्याच कामासाठी जवळजवळ एक वर्ष लागेल. हा अंदाज आहे, मोजमाप नव्हे; पण त्यावरून प्रश्नाचे स्वरूप ध्यानात येते. आपण कालवे खाऊन संपविली, तेव्हा पाणी गाळणारी चाळणीच मोडून टाकली.

चेसापीकच्या काठच्या शिक्षणकेंद्रांतून यासाठी एक साधा प्रयोग नेहमी दाखवितात. दोन काचपात्रांत सारखेच गढूळ पाणी भरावयाचे आणि एकात जिवंत कालवे ठेवावयाची. दोन-एक तासांत कालवांच्या पात्रातील पाणी इतके निवळते की पलीकडचे दिसू लागते. दुसरे होते तसेच राहते. आपल्या या संग्रहालयाने तर १९२० साली बांधलेल्या 'विनी एस्टेल' नावाच्या जुन्या मालवाहू नावेतून परिसर-अभ्यासाच्या सफरी काढल्या आहेत. या जातीच्या नावा पूर्वी वॉटरमनकडून कालवे विकत घेऊन बाजारपेठेत पोहोचवीत. त्या नावेने आता पाणी पाहावयास शिकावे व शिकवावे, यात एक प्रकारचे प्रायश्चित्तच आहे.

हे शिक्षण एका संग्रहालयाच्या हौसेवर सोडलेले नाही. चेसापीकच्या काठच्या राज्यांनी २००० साली जो करार केला, त्यात असे ठरले की, या खोऱ्यातील प्रत्येक विद्यार्थ्याला शालेय शिक्षण पुरे होण्यापूर्वी उपसागराचा किंवा आपल्या गावच्या ओढ्याचा प्रत्यक्ष अनुभव मिळावा. पुढे २०११ साली मेरीलँडने पर्यावरणाचे शिक्षण शालान्त पदवीसाठी आवश्यक केले. 'किंवा आपल्या गावच्या ओढ्याचा' हे शब्द मला फार मोलाचे वाटतात. चेसापीकचे खोरे सहा राज्यांत पसरलेले आहे. त्यातील पुष्कळ मुलांनी समुद्र पाहिलेलाही नसतो. पण त्यांच्या शेताच्या बांधावरचा ओढा शेवटी त्याच कालवांपर्यंत पोहोचतो.

दुरुस्तीचे कामही चालू आहे. सेंट मायकल्सपासून जवळच असलेल्या हॅरिस क्रीक या खाडीत २०११ ते २०१५ या काळात सुमारे ३५० एकर तळावर कालवांची वसाहत नव्याने उभारण्यात आली. प्रयोगशाळेत शिंपल्यांवर बसविलेली दोनशे कोटींहून अधिक पिल्ले तेथे सोडण्यात आली. २००८ सालापासून मेरीलँडमध्ये आणखी एक उपक्रम चालतो. ज्यांच्या घराला धक्का आहे, ते नागरिक पिल्लांचे पिंजरे धक्क्याखाली टांगतात, वर्षभर त्यांची निगा राखतात आणि मग ती मासेमारी बंद असलेल्या राखीव भागात सोडून देतात. स्वतः वाढविलेले कालव कोणी खावयाचे नाही. मुलांना यापेक्षा चांगला संस्कार कोणता?

तथापि, श्रोतेहो, हे चित्र गुळगुळीत करून दाखविणे बरे नव्हे. तळाचा एखादा भाग राखीव झाला की, तेथे बापजाद्यांपासून कालवे काढणाऱ्या वॉटरमनची जागा जाते. "तुम्ही कालवे वाचविता, मग आम्हाला कोण वाचविणार?" असा त्याचा सवाल असतो, आणि तो खोटा नाही. शास्त्रज्ञ व वॉटरमन यांच्यात हा वाद वर्षानुवर्षे चालू आहे. नौकासंग्रहालयाचे महत्त्व मला येथेच वाटते. नुसत्या प्रयोगशाळेत मुलांना कालव दिसले असते, माणूस दिसला नसता; नुसत्या नावांच्या दालनात माणसाचे कष्ट दिसले असते, कालव दिसले नसते. चिमटा खांद्याने ओढून पाहिलेला मुलगा उद्या कायदा करावयास बसला, तर त्या कायद्याचा भार कोणाच्या खांद्यावर पडणार आहे, हे त्याला आठवेल अशी आशा करता येते.

कोणी म्हणेल, अशी संग्रहालये श्रीमंत देशाला परवडतात. आम्ही काय करावे? त्यांना मी मेरीलँडच्याच एका गृहस्थाची गोष्ट सांगेन. बर्नी फाउलर हे तेथील राज्यसभेचे सभासद होते. तरुणपणी पटक्सेंट नदीत छातीइतक्या पाण्यात उभे राहिले तरी त्यांना आपले पाय स्पष्ट दिसत. पुढे पाणी गढुळले. १९८८ सालापासून दरवर्षी जून महिन्यात ते पांढरे कापडी बूट घालून लोकांसह नदीत शिरू लागले. बूट दिसेनासे होताच थांबावयाचे आणि पाण्याची उंची मोजून लिहून ठेवावयाची. ते २०२१ साली वारले. पण एक पट्टी आणि पांढऱ्या बुटांचा जोड एवढ्यावर नदीचा इतिहास लिहिता येतो, हे त्यांनी दाखवून दिले.

आपल्याकडे याला लागणारे साहित्य दारात आहे. गोव्यात खाजण शेतीचे बांध आहेत आणि भरतीचे पाणी अडविणारी व ओहोटीला सोडणारी 'मानस' आहे. रत्नागिरीस सागरी जीवशास्त्राचे संशोधन केंद्र आणि त्याचे मत्स्यालय आहे. समुद्रापासून दूर राहणाऱ्या श्रोत्यांनीही हा विषय परका समजू नये. बेळगाव जिल्ह्यात उगम पावणारी म्हादई गोव्यात मांडवी होऊन समुद्राला मिळते. बडोद्याच्या विश्वामित्रीचे पाणी खंबायतच्या आखातात जाते. हैदराबादची मुसी कृष्णेला मिळून, आणि इंदूरची खान नदी क्षिप्रा, चंबळ, यमुना, गंगा अशी मजल दरमजल करीत, बंगालच्या उपसागरास पोहोचते. आपल्या गटाराचे तोंड कोठे उघडते, एवढा एक प्रश्न घेऊन शिक्षकाने मुलांसह निघावे; समुद्रापर्यंतचा सारा धडा आपोआप उलगडतो.

शेवटी त्या मुलाच्या प्रश्नाकडे येतो. उत्तर शोधावयास आम्ही एका ओहोटीच्या वेळी झुआरीच्या काठी चिखलीच्या उपसागरावर गेलो. शिंपले वेचणाऱ्या एका मावशींना मी चर्चच्या खिडकीचा तो तुकडा दाखविला. त्या हसल्या, गुडघाभर चिखलात चार पावले गेल्या आणि एक चपटा, ओला शिंपला काढून त्यांनी मुलाच्या तळहातावर ठेवला. मुलाने तो उन्हासमोर धरला. कड मंद उजळली. तो शिंपला मिटलेला होता; आत कोणीतरी राहत होते.

"परत ठेव रे पुता," मावशी म्हणाल्या, "तो अजून लहान आहे."

मुलाने वाकून तो जेथला तेथे ठेवला आणि वहीत तारीख लिहिली. दरवर्षी त्याच ओहोटीला जाऊन मोजावयाचे, असे वर्गाने ठरविले आहे. आपले संग्रहालय तूर्त एवढेच आहे: एक वही, एक पट्टी, आणि चिखल ओळखणारी एक मावशी. आपल्या गावीही एवढे सहज जमण्यासारखे आहे, इतके सांगून मी आपली रजा घेतो.